'झालं नाही' म्हणायचं बटण

ॲपचं डिझाइन हा माझा पोटापाण्याचा धंदा. बाणेरच्या एका एसी ऑफिसात बसून, उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर कुठलं बटण कुठे असावं हे मी ठरवतो. आज माझीच एक चूक सांगतो, कारण तिचा संबंध आपल्या शहराच्या विजेशी आणि पाण्याशी आहे.

काही वर्षांपूर्वी एका वीज कंपनीच्या लाइनमन लोकांसाठी ॲप केलं होतं. कंपनी राज्याबाहेरची, नाव घेत नाही. तक्रार लाइनमनच्या मोबाइलवर जाणार, त्याने जागेवर जाऊन काम करायचं, फोटो काढायचा आणि 'काम पूर्ण' दाबायचं. फोटो काढल्याशिवाय ते बटण चालूच होणार नाही, ही माझी हुशारी. महिन्याभरात साहेबांचा डॅशबोर्ड हिरवागार. मीटिंगमध्ये मी पाठ थोपटून घेतली.

मग पावसाळ्यात दोन दिवस त्या लोकांबरोबर फिरलो. पहिल्या तासाभरातच कळलं की ओल्या काचेवर बोट लावलं की स्क्रीन भलतंच काहीतरी उघडते. रबरी हातमोजे घातले तर स्क्रीनला बोट कळतच नाही. म्हणजे माझं ॲप त्या माणसाला सांगत होतं, आधी हातमोजा काढ. तेही विजेच्या खांबापाशी!

आणि तो हिरवा डॅशबोर्ड? गेटला कुलूप, सामान शिल्लक नाही, झाड पडून रस्ता अडलेला, यातलं काहीच सांगायला ॲपमध्ये जागा नव्हती. तक्रार रात्रभर उघडी राहिली की सकाळी बोलणी ठरलेली. मग लोक शेजारच्या खांबाचा फोटो काढून 'काम पूर्ण' दाबायचे आणि राहिलेलं काम खिशातल्या वहीत लिहून ठेवायचे. खरा हिशोब वहीत, खोटा ॲपमध्ये. एक जुना लाइनमन हिंदीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा, तुमच्या ॲपला 'झालं' एवढंच कळतं, 'झालं नाही' हे कळतच नाही.

ती माणसं खोटारडी नव्हती. त्यांना खोटं बोलायला मी लावलं होतं.

आता आपल्याकडे या. महावितरणने २०१६ मध्ये ग्राहकांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी मोबाइल ॲप आणली. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. मीटर न बघता अंदाजे रीडिंग टाकल्याच्या तक्रारी राज्यात जुन्या आहेत. मीटरचा फोटो आणि जागेची नोंद असली की ग्राहकालाही भांडायला पुरावा मिळतो. फोटो नको, असं मी मुळीच म्हणत नाही.

पण वीज, पाणी, कचरा, कुठल्याही कामाचं ॲप असो, पुण्यात ते कुठे वापरलं जातं ते बघा. पेठेतल्या वाड्यात जिन्याखालच्या अंधारात मीटर. खराडी-बालेवाडीच्या टॉवरमध्ये बेसमेंटला मीटर रूम, तिथे नेटवर्कचा पत्ता नाही. बंद जागेत जीपीएस माणसाला पलीकडच्या इमारतीत दाखवू शकतं. ॲप म्हणालं 'तुम्ही जागेवर नाही' आणि माणूस म्हणाला 'आहे', तर खरं कुणाचं धरायचं? हे कुणी आधी ठरवलेलं असतं का?

आणि हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. २५ जुलै २०२४ आठवा. सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, आणि त्याच पहाटे पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघं गेले. त्या घटनेचा ॲपशी संबंध मी जोडत नाही. पण पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं, हे या शहराने बघितलंय. अशा रात्री 'इथे काम झालेलं नाही, लाइन चालू करू नका' हा निरोप खरा आणि लगेच जायला हवा. खोट्या हिरव्या टिकेची सवय लागलेली यंत्रणा तेव्हा कामाची नाही.

ॲप वापरणाऱ्याला न विचारता ॲप लादलं की काय होतं, हेही महाराष्ट्राने बघितलंय. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. फोन कमी क्षमतेचा, तापणारा. पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. त्यांचा राग मोबाइलवर नव्हता, काम वाढवून वर दोष त्यांनाच देण्यावर होता.

कुणी म्हणेल, स्मार्ट मीटर आले की रीडिंग आपोआप जाईल, मग ॲपचं काय घेऊन बसलात? रीडिंग जाईल हो. पण जळालेली केबल, तुटलेला जंप, तारेवर पडलेली फांदी, तिथे माणूसच जाणार.

म्हणून कुठलीही कंपनी किंवा महापालिका 'ॲप नव्याने करतोय' म्हणाली की रंग आणि लोगो बघू नका. चार गोष्टी विचारा. नेटवर्क नसताना नोंद होते का? 'काम पूर्ण' इतकंच मोठं 'अडचण आहे' बटण आहे का, आणि ते दाबल्यावर इंजिनिअरने कारण बघण्याआधीच माणसाचे गुण कापले जात नाहीत ना? शब्द त्यांच्या बोलण्यातले आहेत का, 'फ्यूज गेला', 'केबल फॉल्ट'? आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी ते ॲप भर पावसात, हातमोजे घालून, त्याच लोकांनी आठवडाभर वापरून बघितलंय का? ही शेवटची अट टेंडरमध्येच लिहा.

अजून एक. विचारताना फक्त कायम कर्मचाऱ्यांना विचारू नका. यातलं बरंचसं काम एजन्सीची कंत्राटी पोरं करतात. साहेबासमोर ती 'सगळं छान आहे' म्हणणार, कारण नोकरी एजन्सीच्या हातात. त्यांच्याबरोबर दोन दिवस गाडीवर फिरा, वही आपोआप बाहेर येईल.

घरात कुणी वायरमन, मीटर रीडर, पाणीपुरवठ्यावर असेल तर त्यांना ही पोस्ट दाखवा आणि त्यांचं म्हणणं खाली लिहा. आणि कधी तक्रार 'बंद' झाल्याचा मेसेज येऊनही घरात अंधारच असेल, तर त्या माणसाला शिव्या घालण्याआधी एवढं विचारा, 'झालं नाही' असं लिहायला त्याला जागा दिली होती का?