शंका असेल तर आधी सांगा

दिव्यांग प्रवाशाचा विमानप्रवास प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहता कामा नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. रायपूरच्या शेजारच्या राज्यात, रांचीत, मे २०२२ मध्ये एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले गेले नाही, विमान कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि जुलैत नियम बदलला. आता प्रवासात प्रकृती बिघडण्याची शंका आल्यास निर्वाळा डॉक्टरने द्यायचा आहे.

बदल योग्यच आहे. पण ही तपासणी उड्डाणाच्या तोंडावर झाली तर काय? महानगरात पुढचे विमान काही तासांत मिळते, रायपूरहून तसे मिळेलच असे नाही. हाती तंदुरुस्तीचा दाखला आणि समोर बंद झालेले दार, हा नकारच ठरतो. २०१२ मध्ये कोलकात्यात गोव्याच्या विमानातून उतरवलेल्या दिव्यांग प्रवासी जीजा घोष यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दहा लाखांची भरपाई मिळवून दिली. ज्या परिषदेसाठी त्या निघाल्या होत्या, ती मात्र हुकली ती हुकलीच.

मदत हवी असलेल्या प्रवाशाने ४८ तास आधी कळवावे, अशी अपेक्षा असते. मग कंपनीनेही आपली शंका त्याच मुदतीत, लेखी कळवावी. रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर उड्डाणांच्या वेळी डॉक्टर हजर हवा. तपासणीपायी विमान चुकले, तर त्याच दिवशीच्या पर्यायी प्रवासाचा खर्च कंपनीने उचलावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे नियमातच लिहावे.