वनपर्वातील क्षमा आणि कचेरीतील सूड

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या मराठी अधिकारी बांधवांच्या बैठकीत एक मत वारंवार ऐकावयास मिळते : क्षमेला शास्त्राधार आहे तसाच सूडालाही आहे, तेव्हा प्रसंग पाहून ज्याने त्याने सोयीचे ते करावे. हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. शास्त्र इतके सैल नाही.

वनपर्वात द्रौपदी प्रल्हाद-बळीसंवादाचा दाखला देऊन युधिष्ठिरास सांगते की, सदैव क्षमा हिताची नव्हे आणि सदैव उग्रताही नव्हे. आमचे मित्र नेमका येथेच ग्रंथ मिटतात! प्रल्हाद मात्र पुढे क्षमेचे प्रसंगच सांगतो. ज्याने पूर्वी उपकार केला त्याचा मोठाही अपराध सोसावा. अजाणता घडलेला सोसावा. कोणाचाही पहिला अपराध सोसावा. जाणूनबुजून करून वर कानांवर हात ठेवणाऱ्यास मात्र दंड द्यावा. यात सोयीला जागा उरली कोठे?

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर 67 मध्ये ज्यांची बिऱ्हाडे आहेत, त्यांना या विवेकाची साक्ष शोधण्यास फार दूर जावयास नको. सरहिंदचा सुभेदार वझीरखान याने गुरू गोविंदसिंगांच्या दोन अल्पवयीन पुत्रांस ठार मारविले. आपल्या गोदातीरी, नांदेडला, आश्रम करून राहिलेला माधोदास बैरागी 1708 साली गुरूंना भेटला आणि बंदासिंग होऊन पंजाबात गेला. मोहालीलगतच्या छप्पर चिरीच्या रणात 12 मे 1710 रोजी वझीरखान पडला. तेथे आज 328 फुटांचा फतेह बुर्ज उभा आहे. पुढे सरहिंदेत जी लूट झाली तिचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजू मालेरकोटल्यात आहे. तेथील नवाब शेर महंमदखान याने त्या मुलांच्या वधास विरोध केला होता. शिखांनी तो उपकार विसरला नाही. 1947 साली भोवतालचा पंजाब पेटला असता मालेरकोटला बहुतांशी सुरक्षित राहिला, आणि लोक त्याचे श्रेय आजही त्या एका निषेधास देतात. दोनशे चाळीस वर्षे उपकार ध्यानी ठेवणारी ही माणसे आपले शेजारी आहेत.

आणि आपल्या कचेरीत काय चालते? वरिष्ठाने चारचौघांत पाणउतारा केला की आम्हांस गीतेतील स्थितप्रज्ञ आठवतो. कनिष्ठाने टिपणीवर एक भिन्न मत नोंदविले की चाणक्य आठवतो. वर क्षमा आणि खाली सूड, हा कोणत्या पर्वातील धर्म? बरे, या सूडास तलवारही लागत नाही. जेथे बढतीला 'फार चांगला' शेरा हवा असतो, तेथे वार्षिक अहवालातील नुसता 'चांगला' हा शब्द पुरतो. देवदत्त खटल्यात नेमका हाच प्रकार होता, आणि प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात 2008 साली घातला. म्हणजे आता घाव निदान घाव झालेल्यास दिसतो. तो घालावा की न घालावा, हे अजून लिहिणाऱ्याच्याच हाती आहे. त्याने शेरा लिहिण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत : या माणसाचा हा पहिलाच अपराध काय? आणि मागे अधिवेशनाच्या रात्री जागून आपली फाईल सावरली ती यानेच ना?