रेम्ब्रांटच्या उजेडात निळू फुले

जुन्या, नावाजलेल्या व्यक्तिचित्रांत आम्ही आजचे लोकप्रिय चेहरे रंगवतो. लोक याला विटंबना म्हणतात. मार्सेल द्यूशाँनं १९१९ मध्ये मोनालिसाच्या छापील पोस्टकार्डावर दाढीमिशा काढल्या, ती खोडी होती; एकदा झाली, पुरे झाली. आमचं गोत्र वेगळं.

राजा रविवर्मा यांनी पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवली. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोचवल्या. त्यांची १८९८ ची शकुंतला आठवा. पायातला काटा काढायचं निमित्त, मान मागे वळलेली, नजर दुष्यंताला शोधणारी. ही मान पुढे सिनेमानं किती वेळा वळवली, हे काय प्रेक्षकांना सांगायला हवं? मग सिनेमाची नटी त्या चित्रात शिरली, तर ती माहेरीच आली म्हणायची.

अतुल डोडिया यांनी १९९४ मध्ये ‘बाजीगर’च्या पोस्टरमधल्या शाहरुखच्या जागी स्वतःला उभं केलं आणि गॉगलच्या काचांत डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खक्कर हे चित्रकार दाखवले. केहिंदे वायली यांनी २००५ मध्ये फ्रेंच चित्रकार दाविदच्या नेपोलियनच्या घोड्यावर साध्या कपड्यांतला कृष्णवर्णीय तरुण बसवला. घोडा तोच, पण त्यावर बसायचा मान कोणाचा, हे बघणाऱ्याला स्वतःलाच विचारावं लागतं.

मोबाइलवर चेहरे चिकटवणाऱ्यांशी आमचं नातं नाही. निळूभाऊंना रेम्ब्रांटच्या उजेडात बसवायचं तर आधी ते तपकिरी रंग थरावर थर देत शिकावे लागतात. उजेड एकाच बाजूनं, टोपीची कड तेवढी उजळलेली, एक डोळा काळोखात. त्या काळोखातला सरपंच नेमकं काय ठरवतोय, हे कळलं नाही तरच चित्र जमलं. (दादा कोंडके यांची लोंबणारी नाडी वेलाझ्केझच्या राजदरबारात न्यायचा मोहही आहे. बघू.)

मूळ चित्रकाराचं नाव आम्ही आमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहू. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तो असेल तिथे वारसांची परवानगी घेऊ. चित्रकार वॉरहॉल यांनी लिन गोल्डस्मिथ यांच्या छायाचित्रावरून गायक प्रिन्सचं चित्र केलं, त्याच्या वापराचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये निकाल छायाचित्रकार बाईंच्या बाजूनं लागला. तो आम्हाला मान्य आहे.

आमच्यात यायचं असेल, तर निवडलेल्या मूळ चित्राची हातानं केलेली नक्कल घेऊन या. नवा चेहरा त्यानंतर.