गेन कमी कर, ऐकू येशील!

परवाच्या रविवारी आमचा बँड चार वर्षांनी एकत्र आला. बँड म्हणजे काय, तर कॉलेजातले आम्ही चौघं. आता बेसवाला बँकेत, गाणारा सॉफ्टवेअरमध्ये, ड्रमर महिन्याअखेरीस टोरांटोला चाललेला आणि मी ही अशी डेडलाइनच्या मागे धावणारी. कर्वेनगरातल्या एका तळघरात तीन तासांसाठी जॅमरूम बुक केली होती. तीनच तास. पुढचे कधी, ते कुणालाच माहीत नाही. आणि त्यातला पहिला अख्खा तास वाया गेला. कुणामुळे? अर्थातच अस्मादिकांमुळे!

त्याचं काय आहे, या चार वर्षांत मी गिटार सोडली नव्हती. ती फक्त हेडफोनमध्ये गेली होती. वन बीएचके फ्लॅट, भिंती पापडासारख्या, शेजारच्या काकूंची मुलगी बारावीला. अशा घरात खरा व्हॉल्व्ह अँप लावायचा म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला स्वतःहून आमंत्रण! फेंडरचा ट्विन रिव्हर्ब बघा. १९६३ पासून क्लीन साउंडचा बादशहा. ताकद ८५ वॉट, वजन ३० किलोच्या आसपास. आवाजाचं सोडा, तो तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण?

म्हणून मॉडेलर. लाइन सिक्सनं १९९८ मध्ये लालचुटुक, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा 'पॉड' काढला आणि बेडरूममध्ये वाजवणाऱ्यांची सोय झाली. आता तर जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत डझनभर अँप मावतात. आत चालतं ते गणित. तारेतून आलेला सिग्नल सेकंदाला साधारण ४४ ते ४८ हजार वेळा मोजायचा आणि खऱ्या अँपातल्या व्हॉल्व्हनं, टोनच्या नॉबनं, स्पीकरनं त्याचं काय केलं असतं, याचा हिशोब करायचा. रात्री एक वाजता हेडफोनमध्ये माझा डिस्टॉर्शन असा काही भरीव वाटायचा की, बस्स!

तोच डबा मी ऐटीत जॅमरूममध्ये नेला. तिथल्या गिटार अँपमध्ये प्लग केला, एक कॉर्ड मारली... आणि आवाज आला गोधडीत गुंडाळल्यासारखा.

घोळ पहिला. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकवतच नाही. डिस्टॉर्शनची किरकिर तोच खाऊन टाकतो. मॉडेलर हेडफोनसाठी हे काम 'कॅब' नावाच्या सेटिंगनं करतो. मी कॅब चालू ठेवून खऱ्या स्पीकरमध्ये गेले, म्हणजे एका गोधडीवर दुसरी. हिशोब सोपा आहे: गिटार अँपात जाताना कॅब बंद, मिक्सर किंवा हेडफोनमध्ये जाताना चालू. उलटं केलंत तर मिक्सरमधून कानात डास शिरल्यासारखा आवाज येतो. तोही अनुभव घेऊन झाला. शेवटी कॅब चालू करून मिक्सरमध्ये प्लग केलं. वेळ गेला वीस मिनिटं.

मग ड्रमरनं चार मोजले. बेस सुरू झाला. मी माझा लाडका प्रीसेट लावून तुटून पडले. दोन कडवी झाल्यावर ड्रमर वाजवता वाजवता ओरडला, "अगं बाई, तू सुरू केलंस का?"

मी आवाज वाढवला. त्यानं काठ्या जोरात आपटल्या. बेसवाल्यानंही वाढवला. गाणारा बिचारा कान धरून बाहेर गेला! आणि गिटार? ती अजूनही गायबच.

घोळ दुसरा, आणि हा खरा. आवाज लहान असला की आपल्या कानांना खर्ज आणि टोकाचे तीव्र सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री हेडफोनमध्ये हळू आवाजात वाजवताना मी बास आठवर नेला होता, ट्रेबल आठवर आणि मधला मिड जवळपास शून्यावर. एकटीला ऐकायला झक्कास! पण बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक ड्रमची, वरची झांजांची. गिटारची जागा मधली. ती तर मी स्वतःच्या हातानं रिकामी करून आले होते.

वर गेन नऊवर. डिस्टॉर्शन म्हणजे व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल ढकलायचा. लाटांचे माथे चपटे होतात आणि त्यातून नवे सूर उमटतात, म्हणून तर तो गोड लागतो. पण माथे चपटे झाले की हळू आणि जोरात यातला फरकही पुसला जातो. तारेवरचा प्रत्येक ठोका सारखाच. मग गर्दीत ऐकू येणार काय? नुसती घरघर!

"गेन कमी कर, ऐकू येशील," ड्रमर म्हणाला. जिवावर आलं, पण केला. नऊवरून चार. बास तीन, मिड सात, रिव्हर्ब जवळजवळ बंद. एकटं वाजवलं तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखं. पण ड्रम आणि बेस सुरू झाल्यावर तोच डबा बरोब्बर जागेवर बसला. गाणारा आपणहून आत आला!

क्लीनचंही तसंच. गेन आणि मास्टर यांत गल्लत करू नका. किती मळायचं ते गेन ठरवतो, किती मोठ्यानं ते मास्टर. तारा जमेल तितक्या जोरात छेडा. आवाज फाटला तर गेन खाली आणा, मग मास्टरनं भरपाई करा. आणि सगळे नॉब मधोमध म्हणजे 'न्यूट्रल', हा समज काढून टाका. फेंडरच्या जुन्या सर्किटमध्ये नॉब पाचवर असतानाही मिड दबलेलाच असतो. मॉडेलर इमानदारीनं त्याचीही नक्कल करतो. तेव्हा क्लीनलाही मिड थोडा वर.

आणखी एक सापडलं. गेन चारवर असल्यामुळे गिटारचाच व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की आवाज जवळपास क्लीन होत होता, पूर्ण उघडला की पुन्हा मळका. चार वर्षं मी क्लीनचा एक आणि डिस्टॉर्शनचे सोळा प्रीसेट साठवत बसले होते. इथे एकावर भागलं!

उरलेल्या दोन तासांत पाच गाणी झाली. त्यातली दोन चक्क न चुकता. निघताना जॅमरूमवाल्यानं दिवे घालवले तरी ड्रमर झांजा पुसतच बसला होता.

तिकडे त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. ड्रम वाजवणं अशक्य. म्हणून त्यानं इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचं ठरवलंय, हेडफोन लावून वाजवायचं.

"मस्त आहे रे," मी म्हटलं, "पण महिन्यातून एकदा तरी माणसांत वाजव. नाहीतर माझ्यासारखं होईल."

तो हसला आणि झांजेचं फडकं माझ्या गिटारच्या बॅगेत कोंबलं. म्हणाला, "ठेव. आल्यावर लागेल."