आधीं गाणें, मग नियम

लोकप्रिय गाण्यांनीं मुलांचें इंग्रजी व्याकरण बिघडतें, असा आक्षेप कित्येक विद्वान् घेतात. त्यांनीं एकदां आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराकडील डोंगरांतल्या शाळा पाहाव्या. महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे; पण तेथील महादेव कोळ्याच्या मुलाशीं घरीं वा शेतांत इंग्रजी बोलणार कोण? जी भाषा कानीं पडत नाहीं, तिचे नियम घोकून काय साधणार?

मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें, इंग्रजींत कर्त्याच्या पाठोपाठ. हा भेद दहा सूत्रांनीं ठसत नाहीं, तो दोन कडव्यांनीं ठसतो. बीटल्सचें १९६५ सालचें 'यस्टरडे' काल आणि आज यांच्या विरोधावरच उभें आहे. भूतकाळ शिकविण्यास याहून सुबोध साधन कोणतें? त्याच सालच्या रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्यें लेखी इंग्रजीस वर्ज्य असा दुहेरी नकार आहे, म्हणून भ्यावें कां? तो मुलांकडूनच शोधवून घ्यावा. स्वतः शोधलेली चूक सहसा विसरत नाहीं.

चालीचें सामर्थ्य या मुलखास कोणीं सांगावें? शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव तर तमाशाची पंढरी! निरक्षरांच्याहि मुखीं लावण्या राहिल्या, त्या चालीमुळेंच.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा आम्ही अनादर करीत नाहीं. नुसतें गाणें वाजवून तास संपविणें हेंहि शिक्षण नव्हे. गाण्यांतून नियम काढून दाखविणारा शिक्षक हवाच. पण गाण्यास शाळेचें दार बंद केलें, तर ज्यांस खासगी शिकवणी परवडत नाहीं, त्यांचीच वाट बंद होईल.