आजार हल्याला, इंजेक्शन पखालीला



गोष्ट दिवाळीतली आहे. वसमत तालुक्यातल्या एका गावी माझे एक जुने स्नेही राहतात. सारं गाव त्यांना अण्णा म्हणतं. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं झालं होतं आणि हरभऱ्याच्या पेरणीला वाफसा जमून आला होता. आपल्या काळ्या रानाचा वाफसा कुणासाठी थांबत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. नेमक्या त्याच वेळी अण्णांच्या जुन्या ट्रॅक्टरनं दगा दिला.

त्यांचा फोन आला, "साहेब, सकाळी चांगला चालू होतो. तासभर ओढतो, अन् मग दम सोडायलाय. घटकाभर उभा केला की पुन्हा चालू. काय करावं?"

मी फोनवरच सांगून मोकळा झालो, "डिझेल फिल्टर बदला." त्यांनी फिल्टर बदलला, एअर काढली. दोन दिवस ट्रॅक्टर नीट चालला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका मिस्त्रीनं पंप-नोझल उतरवून नांदेडला न्यायला सांगितलं. दहा-बारा हजारांचा खर्च आणि चार दिवस ट्रॅक्टर उभा! दुसरा म्हणाला, इंजिनच खोलावं लागेल. अण्णा तर ट्रॅक्टर विकायच्या गोष्टी करू लागले.

मी समक्ष गेलो, तेव्हा त्यांचा भाचा दिवाळीला आलेला होता. तो पुण्याला कारखान्यात कामाला आहे. सुटीच्या दिवशी तो जुन्या मोटारींच्या एका शौकिनाकडे हाताखाली काम करतो. तिथं सध्या ट्रायम्फ टी.आर.३ नावाची विलायती मोटार दुरुस्तीला आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, शर्यतीच्या घाटाची ही गाडी इंग्लंडात १९५५ ते १९६२ या काळात बनत होती.

तुम्ही म्हणाल, शर्यतीच्या मोटारीचा आणि आपल्या रानाचा काय संबंध? संबंध आहे! आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागं जी तीन टोकांची हायड्रॉलिक जोडणी असते, ती रूढ केली हॅरी फर्ग्युसन यांनी. त्यांचा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटार कंपनीनं बनवला. असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. त्यांतल्या बहुतेकांना जे चार सिलिंडरचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं इंजिन पुढं या ट्रायम्फ मोटारीला बसलं. नांगर ओढणारा आणि शर्यतीत पळणारा, दोघे भाऊभाऊच म्हणायचे.

भाचा म्हणाला, "मामा, आमच्या त्या गाडीलाही हेच दुखणं होतं. दहा-पंधरा मिनिटं चालायची, गचके द्यायची, बंद पडायची. थांबलं की पुन्हा चालू. आम्ही एकाच दिवशी प्लग बदलले, कॉइल बदलली, दोन्ही कार्बोरेटर खोलले. पैसा गेला, गुण आला नाही. शेवटी टाकी उतरवली, तर आत गंजाचे पापुद्रे! इंजिन चालू असलं की ओढीनं ते पाइपाच्या तोंडावर बसायचे, बंद झालं की खाली पडायचे. तेव्हापासून आमच्या उस्तादांचा नियम झाला, की आधी विचारायचं आणि मग पाना हातात घ्यायचा."

मग त्यानं विचारायला सुरुवात केली. धूर कसला येतो? काळा नाही, निळा नाही, पांढराही नाही. बंद पडताना अचानक पडतो की हळूहळू? हळूहळू. आणि कोणत्या दिवशी लवकर बंद पडतो?

अण्णांना काही सांगता येईना. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "टाकी गच्च भरली की लवकर बंद पडतो. कॅनीनं थोडं थोडं टाकलं की जास्त चालतो." अण्णांना वाटत होतं, डिझेलच खराब मिळालं. पण भाच्याचे डोळे चमकले. "मामी, टाकीच्या झाकणाला काही केलंय का?"

वहिनी हसल्या. "श्रावणात पाऊस आत जाऊ नये म्हणून ह्यांनीच ट्यूबचा तुकडा कापून झाकणाखाली बसवला की!"

ट्रॅक्टर शेतात घातला. दम सोडून तो बंद पडताच भाच्यानं झाकण फिरवलं, तर 'सूं' करून हवा आत गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते त्या रबरानं बुजलं होतं. जेवढं डिझेल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटकत येतं, दुसरं पाडलं की धार लागते, तसंच हे. टाकी गच्च भरलेली असली की वर हवा थोडी राहते, म्हणून ओढ लवकर बसते. थांबल्यावर फटीतून हवा झिरपायची आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू व्हायचा. पावसाळ्यात ट्रॅक्टरला काम कमी, म्हणून तेव्हा दोष उघडा पडला नाही. आणि माझ्या फिल्टरनं दोन दिवस गुण आला, तो फिल्टरचा नव्हताच. ते दोन दिवस अण्णा कॅनीनं डिझेल टाकत होते, झाकण वरचेवर उघडत होतं!

मला माझीच लाज वाटली. पीक पिवळं पडलं म्हणून कुणी फवारा विचारायला आला, तर मी म्हणतो, "आधी झाड उपटून मूळ दाखवा." पाणी साचलं, मर लागली की अन्नद्रव्य कमी पडलं, हे पाहिल्याशिवाय मी औषध सांगत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र मीच आजार हल्याला असताना इंजेक्शन पखालीला दिलं.

म्हणून मंडळी, इंजिन अडलं तर एवढं करा:

१. बिघाड सुरू होण्याआधी काय बदललं, काय बसवलं, ते आठवा. घरातल्या सगळ्यांना विचारा.

२. केव्हा बंद पडतं ते पाहा. थंड असताना, तापल्यावर, ओझ्याखाली की टाकी भरल्यावर?

३. धूर पाहा. काळा धूर असेल तर हवा कमी पडते, ओझं जास्त आहे किंवा नोझल बिघडलं आहे. आधी एअर क्लीनर उघडा. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय. ऑइल दुधासारखं दिसलं तर इंजिन चालवूच नका.

४. झाकण, टाकीचा तळ, पाइप, फिल्टर या क्रमानं पुढं जा. पंप, नोझल आणि कॉम्प्रेशन शेवटी, आणि तेही जाणत्या मिस्त्रीकडून.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशानं आला ते कधीच कळणार नाही.

आणि एक ताकीद. चालू इंजिनाच्या नोझलच्या फवाऱ्यापुढं हात कधी धरू नका. ते डिझेल कातडी भेदून आत शिरतं. तसं झालंच तर जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

अण्णांनी ते रबर काढलं, भोक तारेनं साफ केलं. खर्च शून्य. तिसऱ्या दिवशी सगळा हरभरा ओलीत पडला. वहिनी मात्र जाताना मला म्हणाल्या, "साहेब, पुढच्या वेळी फिल्टर सांगायच्या आधी मला विचारा."

विचारीन!