बनी तो बनी, नहीं तो परभणी

परभणीच्या माणसाला दोन म्हणी जन्मासोबतच मिळतात. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली मिरवायला, दुसरी धीर द्यायला. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, जमलं तर जमलं, नाहीतर घर आहेच. आज लिहायचंय ते मात्र ज्यांना ही सोय नाही त्यांच्याबद्दल. म्हणजे लीगमधल्या टीम्स, आणि त्या सोडून गेल्या ती शहरं.

एफसी पुणे सिटी आठवतेय का? इंडियन सुपर लीगमधली पुण्याची फुटबॉल टीम. 2014 ते 2019, पाच सीझन. बालेवाडीला घरचं मैदान. 2017-18 मध्ये पोरं सेमीफायनलला पोचली. पुण्यात 0-0, मग बंगळूरला सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली आणि खेळ खल्लास. पुढच्या वर्षी मालकांचे पैशाचे वांधे झाले. ऑगस्ट 2019 मध्ये बातमी आली की पुण्याची जागा आता हैदराबाद एफसी घेणार. कोच फिल ब्राउन तेच, बरेचसे खेळाडूही तेच. बदललं फक्त शहर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? कंपन्या ऑफिस हलवतातच की. बरोबर. पण ऑफिसला कोणी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून टाळ्या वाजवायला जात नाही.

बालेवाडीचं स्टेडियम हिंजवडी-वाकडपासून हाकेच्या अंतरावर. तिथे येणाऱ्यांत आमच्यासारखे भाड्याच्या फ्लॅटवाले भरपूर असायचे. परभणीचे, लातूरचे, अकोल्याचे. पुण्यात दहा वर्षं काढली तरी 'मूळचे कुठले?' हा प्रश्न काही सुटत नाही. स्टँडमध्ये नारंगी टीशर्ट घालून ओरडताना तो प्रश्न कोणी विचारत नसे. 'आपलं पुणे' असं न लाजता म्हणता येईल अशी ती एक जागा होती. फ्लॅट घ्यायच्या आधी मिळालेलं नागरिकत्वच म्हणा ना. टीम गेली तेव्हा हे गेलं.

हैदराबादचं मला वाईट वाटायचं कारण नाही. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होती. आमच्या आजोबांची राजधानी ती! आणि हैदराबादने टीमचं सोनं केलं. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून चॅम्पियन झाले. त्या टीममध्ये आशिष राय आणि निखिल पुजारी होते, दोघेही पुण्याकडून खेळलेले. पण पुण्याची ती पाच वर्षं हैदराबादच्या खात्यात धरली गेली नाहीत. नवा क्लब, नवा इतिहास. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी केला, पण कमिट हिस्टरी पुसून टाकली. मग ती पाच वर्षं आता कोणाची?

गंमत पुढेच आहे. 2025 मध्ये हीच टीम हैदराबाद सोडून दिल्लीला गेली, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने. आणि दिल्लीने स्वतःची टीम, दिल्ली डायनामोज, 2019 मध्येच गमावली होती. ती भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली. म्हणजे एकाचं दुःख दुसऱ्याच्या गळ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या!

मालकांची बाजू मान्य आहे. भारतात फुटबॉल टीम चालवणं हा तोट्याचा धंदा आहे आणि तोटा प्रेक्षक भरत नाहीत. मालकाने वर्षानुवर्षं पैसे जाळावेत असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण मग 'ही तुमची टीम' अशा जाहिराती तरी कोणत्या तोंडाने करायच्या?

2018 ची आयपीएल आठवा. कावेरीच्या वादामुळे चेन्नईच्या घरच्या मॅचेस पुण्याला, गहुंज्याला हलवल्या. तेव्हा चेन्नईहून हजारेक चाहते खास ट्रेनने पुण्याला आले. 2019 मध्ये टीम घरी परतली. ते शक्य झालं कारण ते स्थलांतर नव्हतंच, परगावी मुक्काम होता. घराचा पत्ता बदलला नव्हता.

आता पहिल्या म्हणीतल्या जर्मनीकडे या. तिथल्या फुटबॉलमध्ये '50+1' नावाचा नियम आहे. क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत. एक-दोन अपवाद आहेत, पण एकूण नियम असा की पैसेवाल्याला एकट्याच्या मर्जीने टीम उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा नियम नाही. तिथे 2003 मध्ये विम्बल्डन (होय, टेनिसवालंच गाव) फुटबॉल क्लब मिल्टन कीन्सला हलवला. चाहत्यांनी त्याआधीच, 2002 मध्ये, एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचले. 2007 मध्ये जुन्या क्लबचे मानसन्मान, 1988 च्या एफए कपसकट, विम्बल्डनच्या स्थानिक कौन्सिलकडे परत आले. याला म्हणतात फोर्क!

आपल्याकडेही न हलणारी टीम आहे. रणजीतली महाराष्ट्राची. 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं ती रणजी जिंकली. 2013-14 ला फायनल खेळली, तीही हैदराबादला, आणि कर्नाटककडून हरली. ग्लॅमर शून्य, स्टेडियम बहुतेक वेळा रिकामं. पण उद्या कोणी उठून तिला अहमदाबादला नेऊ शकत नाही. परभणीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोराला तिच्यात यायचं स्वप्न आज पाहता येतं आणि वीस वर्षांनीही पाहता येईल.

सगळ्या लीग बंद करा असं माझं म्हणणं नाही. मागणं अगदी साधं आहे. टीम गेली तरी तिचं नाव, रंग आणि रेकॉर्ड त्या शहराच्या नावावर राहू द्या. हलवण्याआधी चाहत्यांना किंवा शहरातल्या संस्थांना ती घेण्याची संधी द्या. आणि सीझन तिकीट घेणाऱ्याला निदान एक मत द्या. याला फारसा खर्च येत नाही, फक्त प्रेक्षकाला गिऱ्हाईक समजणं सोडावं लागतं.

नाहीतर पुढची टीम पुण्यात येईल, जाहिराती लागतील, आणि आपण टीशर्ट विकत घेण्याआधी विचारू, 'किती दिवस मुक्काम?'